बेगमीचा हिशेब

पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची बातमी गेली पंचवीस-तीस वर्षे मुख्यतः दोन कारणांनी वर्तमानपत्रात येते. एक, कामगारांचे थकलेले पगार. दोन, कारखान्याच्या मोकळ्या जमिनीचे काय करायचे. दोन्ही बातम्यांत कारखान्याच्या नावाआधी एक विशेषण ठरलेले असते: ‘तोट्यातला’. या लेखाचा विषय ते विशेषण आहे.

मी डॉक्टर नाही, अर्थशास्त्रज्ञही नाही. आयुष्याची पंचवीस वर्षे पतसंस्थांचे आणि दोन साखर कारखान्यांचे हिशेब पाहण्यात गेली. औषधांच्या इतिहासाचे वाचन हौसेने, जुन्या अहवालांच्या गठ्ठ्यांतून, कोणी मार्गदर्शक नसताना झाले. त्यामुळे ताळेबंद वाचायची सवय आहे आणि ताळेबंदाला काय दिसत नाही याचाही थोडा अंदाज आहे. गोदामात पडून असलेला माल, महिनोन्‌महिने न फिरलेले यंत्र, हाताला काम नसलेला कारागीर, हे सगळे त्याला एकाच रंगाचे दिसते. मालकाच्या आळसामुळे पडून राहिलेला माल आणि पुढच्या पेरणीसाठी कणगीत राखून ठेवलेले बियाणे यांत तो फरक करत नाही.

भाषा मात्र करते. देशावर ‘बेगमी’ म्हणतात, कोकणात पावसाआधीच्या बेगमीला ‘आगोट’. मृग लागायच्या आत तांदूळ, मीठ, सुकी मासळी, जळण घरात येते. आश्विनात त्यातले काही उरले तर आगोट तोट्यात गेली असे कोणी म्हणत नाही. साथीच्या रोगासाठी देशाने करायची तयारी ही याच जातीची गोष्ट आहे. रिकाम्या खाटा, न लागलेला प्राणवायू, मागणी नसताना जपून ठेवलेला जिवाणूंचा आणि बुरशीचा वाण, आणि ते वापरता येणारी माणसे. नफ्याचा हिशेब या सगळ्याला ‘न वापरलेली क्षमता’ म्हणतो आणि छाटतो. खासगी कंपन्या लोभी असतात एवढेच सांगायचे असते तर हा लेख लिहिण्याची गरज नव्हती. मला सांगायचे आहे ते असे की, हा व्यापाऱ्याचा हिशेब पुढे सरकारनेच उचलला, आणि आपली बेगमी मोडली ती बहुतेक सरकारी कचेरीतच.

सुरुवात मुंबईच्या प्लेगपासून करावी लागते. १८९७ म्हटले की आपल्याला रँड आठवतो, चापेकर आठवतात, रुग्णांची सेवा करता करता गेलेल्या सावित्रीबाई आठवतात. ते योग्यच आहे. पण त्याच साथीत मुंबईत दुसरे एक काम चालले होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी आणि बंदर. प्लेग आहे असे मान्य करणे म्हणजे व्यापार बुडवणे, म्हणून आधी बरीच नाकबुली झाली. मग युरोपातल्या बंदरांनी मुंबईच्या जहाजांवर निर्बंध घालायला सुरुवात केली, १८९७ मध्ये व्हेनिसला खास प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि सरकारची थैली सैल झाली. म्हणजे नफ्याच्या चिंतेने तयारी होतच नाही असे नाही. होते, पण जहाजे थांबल्यावर होते.

वाल्देमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा आणि मोजकी मदतनीस माणसे, एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात गेली. मला महत्त्वाचे वाटते ते यानंतरचे. मुंबईतली साथ ओसरली तरी ही प्रयोगशाळा मोडली गेली नाही. १९२५ पर्यंत प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा तिथून बाहेर पडल्या, आणि त्याच वर्षी तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. अधूनमधून येणाऱ्या रोगासाठी कायम उघडी असलेली जागा, असा तिचा अर्थ होता.

या संस्थेत पुढे साहिब सिंग सोखी संचालक झाले. आपल्याकडे हे नाव फारसे कोणाला माहीत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. लष्करी वैद्यकीय सेवेतला हा माणूस १९३० च्या दशकात हाफकिनच्या प्रमुखपदी आला, आणि प्लेगवर सल्फा औषधांचे प्रयोग त्यांच्याच काळात झाले. काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्य उपसमितीचे ते अध्यक्ष होते, पुढे जागतिक आरोग्य संघटनेत गेले, १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाले. पेनिसिलिनचा कारखाना कोणी काढायचा हा वाद स्वातंत्र्यानंतर पेटला तेव्हा एका बाजूला अमेरिकी कंपनीच्या सहकार्याचा पर्याय होता, दुसऱ्या बाजूला युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीने सरकारी कारखाना. सोखी दुसऱ्या बाजूचे. परदेशी कंपनीच्या परवानगीवर देशाचे औषध अवलंबून राहू नये, ही त्यांची भूमिका. १९५१ मध्ये करार झाला, १९५४ मध्ये पिंपरीत कंपनी स्थापन झाली, १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले. तंत्रज्ञान दडवून ठेवायचे नाही, इतर देशांतल्या तंत्रज्ञांनाही ते शिकता यावे, अशी त्या करारामागची कल्पना होती.

पेनिसिलिनचा कारखाना ही गोष्ट काय असते, हे थोडे सांगायला हवे, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. गोळ्या पाडणे, कुपी भरणे हा औषधनिर्मितीचा शेवटचा टप्पा. त्याआधी मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवायची असते. हे किण्वन. बुरशीचा भरघोस उत्पन्न देणारा वाण पिढ्यान्‌पिढ्या जपावा लागतो, हवा-तापमान-खाद्य रात्रंदिवस सांभाळावे लागते, एक बाहेरचा जंतू शिरला की अख्खी टाकी ओतून द्यावी लागते. हे पुस्तकातून येत नाही, हातातून येते. लोणच्यासारखे आहे. कृती सगळ्यांना ठाऊक असते, पण बरणी एकीचीच टिकते. अशी माणसे पिंपरीत तयार झाली. तिथल्याच संशोधनातून डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले. देशातला हा पहिला मोठा प्रतिजैविक कारखाना, आणि त्याच्या भोवती पिंपरी-चिंचवड नावाचे औद्योगिक शहर उभे राहिले.

या कारखान्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. यंत्रे जुनी झाली, माणसे गरजेहून जास्त झाली, साध्या निर्णयासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसावे लागे. हे सगळे दोष खरे आहेत. पण १९९० च्या दशकात आयात खुली झाली आणि चीनमधून आलेले पेनिसिलिन-जी इतके स्वस्त पडू लागले की चांगले चाललेले खासगी कारखानेही त्यापुढे टिकले नाहीत. ‘सरकारी म्हणून बुडाला’ हे स्पष्टीकरण इथे अडखळते. पिंपरीचा कारखाना १९९७ मध्ये औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाकडे ‘आजारी उद्योग’ म्हणून गेला. पुढच्या काही वर्षांत खासगी कारखान्यांनीही किण्वनाच्या टाक्या थंड केल्या. त्यांच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच होते. निम्म्या किमतीत बाहेरून मिळणारी वस्तू घरात कोण बनवील? आपण कच्चे औषध आणायचे, गोळ्या पाडायच्या, जगाला विकायच्या आणि ‘जगाचे औषधालय’ म्हणवून घ्यायचे, असा प्रघात पडला. मूळ औषधद्रव्यांच्या आयातीतला सुमारे दोन तृतीयांश वाटा एकट्या चीनचा झाला. ताळेबंदात या व्यवहारात कुठेही तोटा नाही.

तोटा दिसला तो २०२० च्या फेब्रुवारीत. हुबेई प्रांत बंद होता. ३ मार्चला भारत सरकारने २६ औषधद्रव्ये आणि त्यांपासूनच्या औषधांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. यादीत पॅरासिटामॉल होते, मेट्रोनिडाझोल होते, ब जीवनसत्त्वे होती. तापाची गोळी जपून ठेवायची वेळ आलेले औषधालय. त्याच वर्षी ६,९४० कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना जाहीर झाली. त्यात पेनिसिलिन-जी होते. किण्वनाने बनणाऱ्या द्रव्यांना पहिली चार वर्षे विक्रीच्या २० टक्के रक्कम सरकार देणार. २०२४ मध्ये आंध्रात काकीनाडाजवळ एका खासगी कंपनीने पेनिसिलिन-जीचे उत्पादन पुन्हा सुरू केले. चांगलेच झाले. मात्र ज्या सरकारच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१६ मध्ये पिंपरीची जास्तीची जमीन विकून देणी भागवावीत आणि मग कारखानाच विकावा असे ठरवले होते, त्याच सरकारने चार वर्षांत तीच वस्तू परत देशात बनावी म्हणून तिजोरी उघडली. पिंपरीला दिला असता तर तो पैसा ‘तोटा भरून काढणे’ ठरला असता. इथे त्याचे नाव ‘प्रोत्साहन’.

पेनिसिलिनविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बेन्झाथिन पेनिसिलिन हे त्याचे दीर्घकाळ टिकणारे रूप. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, आणि पुढे हृदयाच्या झडपा खराब होतात. या संधिवाती हृदयरोगाच्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी हे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. गर्भवतीकडून बाळाला होणारा उपदंश यानेच रोखला जातो. ओडिशापासून आपल्या पूर्व विदर्भाच्या सीमेपर्यंत आदिवासी भागात असलेला यॉज हा त्वचेचा रोग याच्या एकेका टोचणीने हटवला गेला, आणि २०१६ मध्ये भारत यॉजमुक्त जाहीर झाला. इतके कामाचे, इतके जुने, आणि इतके स्वस्त औषध की ते बनवण्यात कोणाला रस उरला नाही. त्याचे मूळ द्रव्य बनवणारे कारखाने जगात बोटांवर मोजण्याइतके राहिले. गेल्या दशकात अनेक देशांत त्याचा तुटवडा पडला, आणि ब्राझीलमध्ये तर ऐन उपदंशाच्या फैलावात पडला. औषध निरुपयोगी ठरून बाजारातून गेलेले नाही. गरजू गरीब आणि किंमत कमी, एवढ्याच कारणाने ते दुर्मीळ झाले. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणी म्हणजे पैसे देऊ शकणाऱ्याची मागणी, हे मी खूप उशिरा वाचले. औषधाच्या दुकानात उभे राहिले की ते न वाचताही कळते.

हीच कथा लशींची. २००८ च्या जानेवारीत कसौली, कुन्नूर आणि चेन्नईतील गिंडी इथल्या तीन सरकारी लस संस्थांचे उत्पादन परवाने एकदम स्थगित झाले. उत्पादनाच्या आधुनिक निकषांत त्या बसत नव्हत्या, हे कारण. निकष योग्य होते. पण शंभर वर्षांच्या संस्थेचे छप्पर गळू लागले तर छप्पर शाकारतात, तिला कुलूप लावत नाहीत. देशाच्या बाल लसीकरणाचा मोठा वाटा या तिघींचा होता. त्यानंतर लशींचा तुटवडा पडला, खासगी पुरवठादारांवर भिस्त वाढली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, चौकशी समिती बसली आणि दोन वर्षांनी स्थगिती उठली. परवाना एका सहीने परत मिळतो. मोडलेली घडी सहीने बसत नाही.

परळच्या हाफकिनमध्येही १९७५ पासून संशोधन एकीकडे आणि उत्पादन करणारे महामंडळ दुसरीकडे अशी फाळणी झाली. उत्पादनाला नफा-तोट्याच्या पत्रकाची शिस्त लागावी हा उद्देश. २०१७ नंतर तर राज्यातल्या सरकारी रुग्णालयांसाठी औषधखरेदी करण्याचे काम या महामंडळावर टाकले गेले, आणि लस बनवणारी संस्था निविदांच्या फायलींत बुडाली. उशिराच्या तक्रारी इतक्या झाल्या की अखेर २०२३ मध्ये खरेदीसाठी निराळे प्राधिकरण करावे लागले. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसरी लाट अंगावर असताना, केंद्राने हाफकिनला कोव्हॅक्सिन बनवायला मंजुरी दिली आणि ६५ कोटींचे अनुदान जाहीर केले. वर्षाला २२ कोटी ८० लाख मात्रांचे उद्दिष्ट कागदावर आले. त्यासाठी आधी जैवसुरक्षेची विशेष व्यवस्था उभारायची होती. महासाथ ओसरली तरी परळहून एक मात्रा आली नाही. हाफकिनला नावे ठेवणे सोपे आहे. १८९६ मध्ये तीन महिन्यांत लस झाली, मग आता का नाही, असेही कोणी विचारील. तेव्हाची लस मांसाच्या रसात वाढवलेल्या जंतूंची होती, आताचे काम फार वेगळे. ज्या घरात वीस-पंचवीस वर्षे चूल नीट पेटलेली नाही, तिथे दारात वरात आल्यावर पंगत मागून काय होणार?

इथे एक आक्षेप येतो आणि तो दमदार आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे काय? खासगी, नफा कमावणारी आणि वेळेला उपयोगी पडलेली. हे मान्यच करायला हवे. पण तिची कथा पूर्ण सांगावी. पूनावाला कुटुंबाच्या घोडेपैदाशीतले निवृत्त घोडे हाफकिनला रक्तद्रव काढण्यासाठी दिले जात, आणि त्या व्यवहारातूनच १९६६ मध्ये स्वतःची संस्था काढण्याची कल्पना निघाली. म्हणजे खासगी झाडाचे मूळ सरकारी अंगणात आहे. कोव्हॅक्सिनचा विषाणूही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतून आला. दुसरे असे की, २०२० मध्ये सीरमने मंजुरीआधीच उत्पादन वाढवले त्यामागे स्वतःची जोखीम होती, तसे गेट्स फाउंडेशन आणि गॅव्ही यांचे आगाऊ पैसेही होते. आपल्या सरकारची पहिली खरेदी-ऑर्डर निघाली ती ११ जानेवारी २०२१ ला: १ कोटी १० लाख मात्रा, प्रत्येकी २०० रुपये. लसीकरण सुरू व्हायला पाच दिवस होते, आणि देश १४० कोटींच्या घरातला. बेगमी कोणी तरी आधी पैसे मोजून करावी लागते. घरातल्या कर्त्याने ती न करता वाण्याच्या दुकानावर विसंबायचे, आणि दुकानात माल मिळाला की वाण्याची थोरवी गायची, असे ते झाले.

आणि वाणी वाण्यासारखाच वागला, त्याला दोष कसा द्यायचा? १ मे २०२१ पासून नवे धोरण आले: निम्मी लस केंद्राला, निम्मी राज्ये आणि खासगी रुग्णालयांना. कोव्हिशिल्डची एकच कुपी केंद्राला १५० रुपये मात्रेने, राज्यांना ४०० आणि टीकेनंतर ३००, खासगी रुग्णालयांना ६००. महाराष्ट्र, केरळ, पंजाब अशी राज्ये एकमेकांशी स्पर्धा करत जागतिक निविदा काढू लागली. सव्वा महिन्यात हे धोरण मागे घ्यावे लागले, तरीही २५ टक्के वाटा खासगी रुग्णालयांकडे राहिला आणि त्यातला थोडाच खरोखर वापरला गेला. भोर समितीने १९४६ मध्ये सांगितले होते की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये. पंचाहत्तर वर्षांनी एकाच लशीला तीन किमती होत्या.

खाटांचे मी थोडक्यात सांगते. खासगी रुग्णालयात खाट भरलेली असेल तरच ती चालते. साथीसाठी रिकामी ठेवलेली खाट तिथे कोणाला परवडणार नाही, आणि साथ आली की तीच खाट सोन्याची होते. १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला तेव्हा कित्येक खासगी दवाखान्यांना कुलपे लागली, रुग्णांचा भार सरकारी रुग्णालयाने वाहिला. मे २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारला खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटा ताब्यात घ्याव्या लागल्या आणि दिवसाला ४,०००, ७,५०० आणि ९,००० रुपये असे दर बांधून द्यावे लागले. म्हणजे संकटात सरकारला बाजार बाजूला सारावाच लागतो. शांततेच्या काळात मात्र त्या बाजाराची कार्यक्षमता पाहून आपलेच दवाखाने ओस पडू द्यायचे.

उलट उदाहरण आपल्याच राज्यात घडले. नंदुरबार हा आदिवासी, गरीब जिल्हा. २०२० च्या सप्टेंबरात, आणि मग पहिली लाट उतरून सगळीकडे कोविड केंद्रे मोडली जात असताना पुन्हा, जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी हवेतून प्राणवायू काढणारे प्रकल्प बसवले. डिसेंबर-जानेवारीत एखादा लेखापरीक्षक तिथे गेला असता तर त्याने काय शेरा मारला असता, हे मी व्यवसायाने सांगू शकते: ‘मागणी नसताना भांडवली खर्च.’ एप्रिलमध्ये कळंबोलीहून रिकामे टँकर आगगाडीवर चढवून विशाखापट्टणमला पाठवावे लागले आणि ते भरून नागपूर-नाशिकला आणले, तेव्हा नंदुरबारचा प्राणवायू नंदुरबारमध्ये तयार होत होता. दिल्लीची गोष्ट याच्या अगदी उलटी. १६२ प्रकल्पांसाठी केंद्राची निविदा ऑक्टोबर २०२० मध्ये निघाली, आणि १८ एप्रिल २०२१ पर्यंत त्यांतले ३३ बसले होते. खर्च होता सुमारे २०० कोटी. हा पैशाचा प्रश्न नव्हता आणि इथे खासगी-सरकारी असाही वाद नाही. लाट उतरली की कर्त्यांच्या मनातून बेगमीच उतरली.

त्यानंतर मात्र पंतप्रधान निधीतून असे बाराशेवर प्रकल्प देशभर बसले. जिल्हा रुग्णालयाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली ती यंत्रे आज उभी दिसतात. त्यांत झिओलाइट नावाचे खडे असतात. हवेतला नायट्रोजन ते धरून ठेवतात आणि प्राणवायू पुढे जातो. हे खडे दमट हवेने खराब होतात, म्हणून रुग्ण असो वा नसो, यंत्र ठरावीक दिवसांनी चालवावे लागते, गाळण्या बदलाव्या लागतात, वीज जाळावी लागते आणि हे सगळे जाणणारा एक तंत्रज्ञ पगारावर ठेवावा लागतो. यंत्राची किंमत उद्घाटनाच्या फलकावर लिहिलेली असते. तंत्रज्ञाचा पगार कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, हे जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात शोधून पाहावे.